मागच्या एक्सलचा रेशो दर वेळी वेगळा का भरतो?

एका दुपारी जुन्या पिकअपखाली आडवं पडून मी एकाच डिफ्रेन्शियलचा (मागच्या एक्सलच्या मधोमध बसलेला, इंजिनची फिरकी दोन्ही चाकांना वाटून देणारा दात्यांचा संच) रेशो तीनदा मोजला. आकडे आले ३.५५, ३.९० आणि ३.७३. गाडी तीच, चाक तेच, मोजणारा मीच.

त्यात भर म्हणजे तिन्ही आकडे खरे वाटणारे. ३.८ असं काहीतरी अधलंमधलं आलं असतं तर आपलं चुकलं हे लगेच कळलं असतं. पण ३.५५ बाजारात मिळतो, ३.७३ मिळतो, ३.९० च्या आसपासचे रेशोही असतात. म्हणजे पहिल्यांदा मोजून जो आकडा आला त्यावर मी थांबलो असतो, तर आत्मविश्वासाने चुकीचा क्राऊन-पिनियन, म्हणजे आतल्या मोठ्या (क्राऊन) आणि लहान (पिनियन) दातेरी चाकांची जोडी, मागवून मोकळा झालो असतो. हाऊसिंगच्या, म्हणजे डिफ्रेन्शियलच्या कवचाच्या, झाकणाला लटकणारा पत्र्याचा बिल्लाही ३.५५ च म्हणत होता, त्यामुळे पहिल्या मोजणीनंतर मी जवळजवळ उठलोच होतो. दुसऱ्यांदा मोजलं ते निव्वळ खडू हातात होता म्हणून.

ही अडचण अनेकांना पुन्हा पुन्हा येते. ‘एका चाकाला दोन फेरे द्या, शाफ्टचे फेरे मोजा, झाला रेशो’ हा सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. उरलेला अर्धा न सांगितल्यामुळेच आकडे हलतात.

गडबड दुसऱ्या चाकात असते

रेशो म्हणजे क्राऊनचे दाते भागिले पिनियनचे दाते. क्राऊनला ४१ आणि पिनियनला ११ दाते असतील तर ४१ ÷ ११ = ३.७२७, म्हणजे बोलण्यात ३.७३. क्राऊनचा एक फेरा पूर्ण व्हायला प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सकडून पिनियनपर्यंत येणारा दांडा) ३.७३ फेरे घ्यावे लागतात. इथवर सरळ आहे.

पण आपण क्राऊन फिरवत नाही, चाक फिरवतो. साध्या, म्हणजे ओपन डिफ्रेन्शियलमध्ये क्राऊनचे फेरे हे दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची सरासरी असतात. डावं चाक दोन फेरे फिरलं आणि उजवं जागचं हललं नाही, तर क्राऊन बरोबर एक फेरा फिरतो. ‘दोन फेरे द्या’ यामागचं गणित एवढंच. यातलं ‘उजवं जागचं हललं नाही’ हे मात्र सांगताना गळून जातं.

मी दोन्ही चाकं उचलली होती. डाव्याला दहा फेरे दिले, शाफ्टचे फेरे मोजले आणि पाचने भागले. पहिल्या वेळी शाफ्टचे पावणेअठरा फेरे भरले. मी शाफ्टवरच्या खडूच्या रेघेकडे बघत होतो, आणि तिकडे उजवं चाक हळूहळू उलटं सरकत होतं. दहा फेऱ्यांत मिळून जेमतेम अर्धा फेरा. गणित करून बघा: (१० - ०.५) ÷ २ = ४.७५ आणि ४.७५ × ३.७३ = साधारण १७.७. त्याला पाचने भागलं की ३.५५ च्या दारात. दुसऱ्या चाकाच्या अर्ध्या फेऱ्याने एक रेशो पुसून शेजारचा लिहून टाकला.

दुसऱ्या वेळी पुतण्याला उजवं चाक धरून बसवलं. फेरे आले साडेएकोणीस. हे कसं झालं म्हणून विचारलं तर म्हणतो, ‘काका, तुम्हाला जड जात होतं ना, म्हणून मी पण जरा जरा ढकललं.’ मदत म्हणून त्याने चाक अर्धा फेरा पुढे नेलं होतं. (१० + ०.५) ÷ २ = ५.२५ आणि त्याचे ३.७३ पट म्हणजे साडेएकोणीसच. भागिले पाच, ३.९०.

तिसऱ्या वेळी उजवं चाक खाली जमिनीवर टेकवलं. शाफ्टचे फेरे साडेअठराच्या किंचित वर, अठरा आणि दोन तृतीयांशाच्या आसपास. तो खरा आकडा.

म्हणून मोजायचं असं

डिफ्रेन्शियल ओपन असेल तर मागचं एकच चाक उचला. दुसरं जमिनीवर राहू द्या, तेच सर्वांत भरवशाचं धरणं. माणूस चाक ढकलतो, जमीन ढकलत नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे चूक झाली तर आकड्याऐवजी हाडं मोजावी लागतील. बहुतेक पिकअपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, आणि मोजताना तो सोडावा लागतो. गाडी न्यूट्रलमध्ये असते. आणि मागचं एक चाक हवेत असलं की ओपन डिफ्रेन्शियलच्या गाडीला गिअरही धरून ठेवत नाही आणि ऑटोमॅटिकचा पार्कही नाही, कारण हवेतलं चाक उलटं फिरून जमिनीवरच्याला मोकळीक देतं. तेव्हा सपाट, टणक जमीन बघा. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडाच्या उट्या ठोका, जमिनीवरच्या मागच्या चाकालाही ठोका, आणि मगच जॅक चढवा. जॅकने उचलून एक्सल स्टँडवर टेकवा, जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. इंजिन बंद, किल्ली खिशात.

खडूने टायरवर एक रेघ ओढा आणि तिच्यासमोर मडगार्डवर दुसरी. तशीच एक रेघ शाफ्टवर, पिनियनच्या फ्लँजजवळ, आणि तिच्यासमोर हाऊसिंगवर. शाफ्ट दोन तुकड्यांचा असला तरी कुठलाही तुकडा चालेल. युनिव्हर्सल जॉइंटमुळे फेऱ्याच्या मधेच शाफ्ट किंचित मागेपुढे होतो, पण पूर्ण फेऱ्यांच्या हिशोबात फरक पडत नाही. फोर बाय फोर गाडीत ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी) लो-हायचा प्रश्नही इथे येत नाही, कारण आपण त्याच्या मागे मोजतो आहोत. फक्त गाडी टू-व्हीलमध्ये असू द्या.

दोन फेऱ्यांवर थांबू नका. दोन फेऱ्यांत ३.५५ आणि ३.७३ यांच्यात शाफ्टचा फरक जेमतेम सहावा हिस्सा पडतो, आणि खाली वाकून तिरप्या डोळ्याने तो ओळखायचा म्हणजे अंदाजपंचेच. वीस फेरे द्या आणि दहाने भागा. मग ३.५५ चे साडेपस्तीस फेरे होतात, ३.७३ चे सव्वासदतीसच्या थोडे वर, ३.९ चे एकोणचाळीस, ४.१० चे बरोबर एक्केचाळीस. इतकं अंतर असलं की डोळा चुकत नाही. मोजायला दोघं असावेत, एक चाक फिरवणारा आणि एक शाफ्टची रेघ बघून मोठ्याने मोजणारा. एकट्याने करायचं तर शाफ्टवर कागदाचा तुकडा चिकटवा, असा की दर फेऱ्याला कशाला तरी घासून टक् वाजेल.

आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे प्ले. जुन्या गाडीत क्राऊन-पिनियनमध्ये, एक्सलच्या स्प्लाइनमध्ये, जॉइंटमध्ये, सगळीकडे थोडा थोडा खेळ असतो, आणि तो साठला की चाक बोटभर फिरूनही शाफ्ट ढिम्म. म्हणून रेघा जुळवण्याआधी चाक ज्या दिशेने फिरवणार त्याच दिशेने थोडं दाबून सैलपणा काढून घ्या. पुढे गेलं म्हणून मागे ओढून रेघेवर आणलंत, तर तो सगळा खेळ मोजणीत शिरतो.

चाक फिरतच नसेल तर

एक चाक उचललं, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला, आणि तरी चाक हाताने हलत नाही किंवा फार जड जातं. आधी लायनर चिकटलेत का ते बघा, जुन्या ड्रम ब्रेकचं हे नेहमीचं दुखणं. तसं नसेल तर बहुधा आत लिमिटेड स्लिप आहे, म्हणजे दोन चाकांना एकमेकांपासून सहज वेगळं फिरू न देणारा डिफ्रेन्शियल. मग दोन्ही चाकं उचलायची. दोन्ही एकाच दिशेने, एकत्र फिरतील. इथे सरासरीची भानगड राहत नाही, चाकाचा एक फेरा म्हणजे क्राऊनचा एक फेरा. दहा फेरे द्या, दहाने भागा. ओपनचं गणित इथे लावलंत तर उत्तर दुप्पट येईल. साडेसात रेशो आला म्हणून घाबरलेला माणूस मी पाहिला आहे.

उलटही होतं. लिमिटेड स्लिपच्या क्लच प्लेट झिजल्या की तो हाताला अगदी ओपनसारखाच लागतो. आणि जनरल मोटर्सच्या जुन्या पिकअपमधला जी८० लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारा डिफ्रेन्शियल) तर हाताने फिरवल्यावर ओपनच वागतो. दोन चाकांच्या वेगात चांगला फरक पडल्याशिवाय तो लागतच नाही. म्हणून ‘ओपन आहे की लिमिटेड’ याचं शेवटचं उत्तर हाताच्या चाचणीवरून देऊ नका. रेशोपुरतं मात्र एवढं पुरतं: मोजताना तो ज्याच्यासारखा वागतो, त्याचं गणित लावायचं.

आलेला आकडा दात्यांच्या जोडीवर बसवायचा

मला सगळ्यांत आवडणारा भाग हा. मोजून ३.७१ आला म्हणून रेशो ३.७१ असतो असं नाही. रेशो हा दोन पूर्णांकांचा भागाकार आहे, आणि वापरात असलेल्या जोड्या ठरावीक आहेत. ४० ला १३ म्हणजे ३.०८. ४१ ला १२ म्हणजे ३.४२. ३९ ला ११ म्हणजे ३.५५. ४१ ला ११ म्हणजे ३.७३. ४३ ला ११ म्हणजे ३.९१. ४१ ला १० म्हणजे ४.१०. ४३ ला १० म्हणजे ४.३०. ४१ ला ९ म्हणजे ४.५६. आपली मोजणी परीक्षेतल्या अचूक उत्तरासारखी नको, फक्त या उमेदवारांतून एकाला निवडण्याइतकी चोख हवी.

असे वेडेवाकडे आकडे का, सरळ ४.०० का नाही? समजा क्राऊनला ४० आणि पिनियनला १० दाते आहेत. मग पिनियनचा प्रत्येक दाता क्राऊनच्या त्याच चार दात्यांना आयुष्यभर भेटत राहील, आणि एका दात्यावर खरवड असली तर ती त्याच चौघांना घासत बसेल. ४१ आणि ११ ला सामाईक भाजक नाही, त्यामुळे प्रत्येक दाता फिरत फिरत समोरच्या प्रत्येक दात्याला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते.

यातूनच एक फार सुंदर ताळा मिळतो. जोडी ४१ ला ११ ची असेल, तर क्राऊनच्या ११ फेऱ्यांत शाफ्ट बरोबर ४१ फिरतो. ओपन डिफ्रेन्शियलमध्ये क्राऊनचे ११ म्हणजे एका चाकाचे २२. म्हणून संशय ३.७३ चा असेल तर चाकाला २२ फेरे द्या. एक्केचाळिसाव्या फेऱ्याला शाफ्टची रेघ आणि चाकाची रेघ दोन्ही एकदम आपापल्या खुणेवर आल्या पाहिजेत. ३.५५ असेल तर त्याच २२ ला एकोणचाळिसाव्यावर जुळतील. ४.१० चा संशय असेल तर २० फेरे आणि ४१. इथे अपूर्णांकाचा अंदाज घ्यावाच लागत नाही, रेघा जुळतात किंवा जुळत नाहीत. माझ्या गाडीत बावीसाव्या फेऱ्याला दोन्ही रेघा समोरासमोर आल्या तेव्हा गाडीखाली पडूनही बरं वाटलं.

मर्यादाही सांगून ठेवतो. ४० ला १३ आणि ३७ ला १२ दोन्ही ३.०८ च म्हणवतात. ४६ ला १३ म्हणजे ३.५४, आणि ३९ ला ११ चा ३.५५ त्याच्या खेटून. इतक्या जवळच्या जोड्यांत निवाडा एक्सल कुठल्या बनावटीचा आहे यावरून करावा लागतो. सुटे भाग मागवताना एक्सलची बनावट कळवावीच लागते, तेव्हा ते काम वेगळं नाही.

बिल्ला, स्टिकर आणि त्यांचा खरेपणा

बिल्ला वाचू नका असं मी म्हणत नाही. आधी तोच वाचा, फक्त तो साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही.

फोर्डच्या पिकअपला झाकणाच्या एका बोल्टखाली पत्र्याची पट्टी असते. तिच्यावर ३ आणि ७३ च्या मध्ये एल हे अक्षर असेल तर रेशो ३.७३ आणि आत लिमिटेड स्लिप. एल नसेल तर साधा. चिखल आणि ग्रीसचा थर इतका असतो की पट्टी आहे हेच कळत नाही. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, वायर ब्रशने खरवडलंत तर आकडेच उडतील. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर एक्सलचा दोन अक्षरी कोड असतो. तो कोड म्हणजे रेशो नव्हे. एफ-१५० वर १९ असा कोड दिसला म्हणून कुणी रेशो १.९ समजू नये. तो साधा ३.५५, आणि एच९ म्हणजे लिमिटेड स्लिपवाला ३.५५.

जनरल मोटर्सच्या गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या आत तीन-तीन अक्षरांच्या कोडांनी भरलेलं स्टिकर असतं. त्यात जीयू४ म्हणजे ३.०८, जीयू५ म्हणजे ३.२३, जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३ आणि जीटी५ म्हणजे ४.१०. सोबत जी८० असेल तर लॉकर. टोयोटाच्या पिकअपवर पाटीवरच्या एक्सल कोडचं पहिलं अक्षर क्राऊनचा आकार सांगतं आणि पुढचे दोन आकडे हा रेशोचा कोड.

हे सगळं गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाचं सत्य. वीस-तीस वर्षांत कुणी अख्खा एक्सल बदलला, कुणी नुसता क्राऊन-पिनियन बदलला, कुणी गंजलेलं झाकण काढून दुसऱ्या गाडीचं बसवलं आणि त्याच्या बोल्टबरोबर त्याचा बिल्लाही आला, यातलं काहीही झालेलं असू शकतं. माझ्या गाडीत नेमकं काय झालं ते आधीच्या मालकालाच ठाऊक. बिल्ला ३.५५ चा आणि आत ४१ ला ११. झाकणाच्या कडेला कारखान्याच्या गॅस्केटऐवजी सिलंटची जाड वळकटी दिसत होती, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. बोल्टच्या डोक्यांवरचा रंग उडालेला, सिलंट बाहेर आलेलं, असं दिसलं की समजायचं, इथे कुणीतरी येऊन गेलंय.

टॅकोमीटरवरून काढलेला रेशो

इंजिनचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरवरून, गाडीखाली न शिरता रेशो काढायची ही पद्धत लोकांना फार आवडते. ढोबळ अंदाजाला ठीक आहे. ३.०८ की ४.१० एवढंच ठरवायचं असेल तर बिनधास्त वापरा. शेजारशेजारच्या रेशोंत निवाडा करायला मात्र मी ती वापरत नाही, आणि का ते आकड्यांतच बघा.

ताशी ६० किमी म्हणजे मिनिटाला १,००० मीटर, म्हणून हा वेग हिशोबाला सोपा. टायर २३५/७५ आर१५ धरू. मापावरून व्यास येतो ७३३.५ मिमी आणि परीघ २.३० मीटर. पण भाराखाली टायर दबतो आणि रेडियल टायर एका फेऱ्यात साधारण ३ टक्के कमी अंतर कापतो, म्हणजे २.२४ मीटरच्या आतबाहेर. चाकाचे मिनिटाला सुमारे ४४७ फेरे. डायरेक्ट गिअरमध्ये, जिथे गिअरबॉक्सचा रेशो एकास एक असतो, इंजिन ३.५५ ला साधारण १,५८५ वर असेल, ३.७३ ला १,६६५ वर, ४.१० ला १,८३५ वर. पहिल्या दोघांत ऐंशी फेऱ्यांचा फरक. जुन्या पिकअपच्या टॅकोमीटरची सुई तेवढी तर नुसती थरथरते.

त्यात कागदी परीघ वापरलात तर खरा ३.७३ असताना उत्तर ३.८४ येतं, ३.७३ आणि ३.९१ च्या जवळजवळ मधोमध. आता कुठे जाणार? ऑटोमॅटिकचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला ऑईलवर चालणारा दुवा) लॉक झालेला नसेल तर इंजिन थोडं जास्त फिरतं आणि रेशो आणखी फुगतो. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवत असेल तर उलट, रेशो खाली येतो. पाच गिअरच्या गाडीत पाचवा बहुतेक ओव्हरड्राइव्ह (इंजिनपेक्षा शाफ्ट जास्त फिरवणारा गिअर) असतो, डायरेक्ट बहुधा चौथा. तिथे घोळ घातलात तर बोलायलाच नको. करायचंच असेल तर वेग फोनच्या उपग्रहावरून घ्या, आणि परीघ टायरला खडू लावून, गाडी जमिनीवर पाच फेरे ढकलून, टेपने मोजा.

स्पीडोमीटरचा एक वेगळा उपयोग मात्र आहे. गिअरबॉक्सवरून केबलने चालणारा स्पीडोमीटर असेल आणि कुणी ३.५५ काढून ४.१० घातला असेल, तर शाफ्ट त्याच वेगाला १५ टक्के जास्त फिरतो आणि खरे ६० असताना काटा ६९ च्या आसपास जातो. टायर मूळ मापाचे असूनही काटा इतका पुढे पळत असेल तर आतला रेशो बदललाय असं समजायला हरकत नाही. पण टायरही तेवढ्याच प्रमाणात मोठे घातले असतील तर काटा बरोबर दाखवेल आणि तुम्ही बेसावध राहाल.

झाकण उघडायची वेळ आली तर

ऑईल बदलायचंच असेल, किंवा मोजणी आणि बिल्ला भांडत असतील, तर उघडून बघणं सगळ्यांत खात्रीचं. उघडण्याआधी भरायचा प्लग सुटतो का ते बघा. ऑईल सगळं काढून टाकलं आणि मग कळलं की भरायचा प्लग गंजून बसलाय, असं झालं की गाडी जागची हलत नाही. हे मी ऐकून सांगत नाही.

झाकण निघालं की क्राऊनच्या बाहेरच्या कडेवरचं ऑईल पुसून चाक हळूहळू फिरवा. बऱ्याच क्राऊनवर दात्यांची जोडी ठोकलेली असते, ४१ आणि ११ अशी शेजारी शेजारी. मात्र तिथे आणखीही आकडे असतात, भाग क्रमांक, तारीख, आणि क्राऊन-पिनियनची जोडी ओळखायचा जुळणी क्रमांक. पिनियनच्या तोंडावरचा अधिक-उणे आकडा हा त्याच्या बसवणुकीच्या खोलीचा असतो, दात्यांचा नाही. कुठला आकडा कसला हे कळत नसेल तर सरळ दाते मोजा. एका दात्याला रंगाचा ठिपका लावा, तिथून सुरू करा, तिथेच थांबा, आणि दोनदा मोजा. पिनियनचे दाते मोजायला डोकं आत घालायची गरज नाही. क्राऊनचे ४१ भरले आणि फेऱ्यांची मोजणी ३.७ च्या आसपास असेल, तर पिनियन ११ चाच. ४१ ला १२ म्हणजे ३.४२ आणि ४१ ला १० म्हणजे ४.१०, दोन्ही लांब पडतात. नुसते क्राऊनचे ४१ सापडले म्हणून हुरळू नका, वर बघितलंत तसे त्या एका आकड्याचे चार रेशो होतात.

सगळ्याच एक्सलला मागे झाकण नसतं. फोर्डचा ९ इंची आणि टोयोटाचा ८ इंची, यांचा अख्खा गाभा पुढून, शाफ्टच्या बाजूने निघतो. तिथे नुसतं बघण्यासाठी उघडणं म्हणजे दोन्ही एक्सल बाहेर ओढणं आलं. तिथे फेरेच मोजा.

बंद करताना लिमिटेड स्लिप असेल तर ऑईलमध्ये त्याचं फ्रिक्शन मॉडिफायर (क्लच प्लेटचं घर्षण जुळवणारं मिश्रण) लागतं का ते गाडीच्या पुस्तकात बघून घ्या, नाहीतर वळणावर मागून खडखड ऐकू येईल.

फोर बाय फोर असेल तर पुढचा एक्सलही त्याच रीतीने मोजून टाका. मागे ३.५५ आणि पुढे ३.५४, किंवा मागे ४.१० आणि पुढे ४.०९, हा फरक चालतो, कारखान्यातूनच तसे येतात. मागे ३.७३ आणि पुढे ३.५५ निघालं तर मात्र दोहोंपैकी एक एक्सल किंवा त्याचा क्राऊन-पिनियन कुणीतरी बदललाय, आणि डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावली की ट्रान्सफर केस आवळली जाते.

आणि रेशो कळल्यावर ऑर्डर देण्याआधी कॅरिअरचं (क्राऊन ज्यावर बोल्टने बसतो तो भाग) विचारा. काही एक्सलमध्ये ठरावीक रेशोच्या वर वेगळा कॅरिअर लागतो. डेना ४४ या बनावटीच्या एक्सलमध्ये ३.७३ पर्यंत एक आणि ३.९२ पासून दुसरा. तिथे ३.७३ च्या जागी ४.१० घालायचा बेत असेल तर नुसत्या नेहमीच्या क्राऊन-पिनियनने बहुधा भागणार नाही.

माझ्या गाडीत रेशो बदलायचा बेत नव्हता, पिनियनच्या बेअरिंगचा आवाज होता म्हणून सगळा खटाटोप. ३९ ला ११ चा सेट मागवायचा फॉर्म भरून ठेवला होता, तो फाडला. झाकण परत बसवताना जुना बिल्ला लावला नाही. त्याच्या जागी पांढऱ्या रंगाच्या पेनाने झाकणावरच ४१/११ लिहिलं आणि खाली तारीख टाकली.